वाचकांचे प्रश्न : कंट्रोलरचे बटण आणि रोबोटचे दिवे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयाची आहेत. घरी बनवलेल्या रोबोटवर दिवे बसवले, गेम कंट्रोलरही जोडला, पण बटण आणि दिवा यांचे काही केल्या जुळत नाही, अशी ही तक्रार आहे. म्हणून हे पूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले असून पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया तेथेच आहे.

प्रश्न : मी आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर चार चाकांचा छोटा रोबोट तयार केला आहे. तो प्लेस्टेशन २ पद्धतीच्या बिनतारी कंट्रोलरवर चालतो. त्रिकोणाचे बटण एकदा दाबले की पुढचे दिवे लागावेत आणि पुन्हा दाबले की विझावेत, एवढीच माझी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात दिवे कधी लागतात, कधी लागून लगेच विझतात, आणि बटण दाबून धरले तर मंद मिणमिणत राहतात. तारा बदलल्या, दुसरा कंट्रोलर आणून पाहिला, तरी फरक नाही. दोष कुठे असेल?

उत्तर : तारा आणि कंट्रोलर या दोहोंवर संशय घेण्याचे कारण नाही. दाबून धरल्यावर दिवे मिणमिणतात, हे जे निरीक्षण तुम्ही नोंदवले आहे, त्यातच दोषाचा पत्ता लागतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'त्रिकोण दाबलेला असेल तर दिव्याची स्थिती उलट कर' अशा अर्थाची ओळ असणार. माणूस बटण झटकन दाबून सोडतो तेव्हाही बोट साधारण दीडशे मिलिसेकंद बटणावर असते. तुमच्या मुख्य लूपची (प्रोग्रॅमच्या सतत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाची) एक फेरी दहा मिलिसेकंदांत होत असेल, तर तेवढ्या वेळात लूप पंधरा वेळा फिरतो आणि प्रत्येक फेरीत दिव्याची स्थिती उलटते. पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे विझलेला दिवा शेवटी लागलेला राहील. बोट जरा आधी उचलले गेले आणि चौदाच फेऱ्या झाल्या, तर तो पुन्हा विझलेलाच दिसेल. म्हणजे दिवा लागणे हे फेऱ्यांची संख्या सम आली की विषम यावर अवलंबून राहिले. बटण धरून ठेवले की दिवा सेकंदाला पन्नास वेळा लागतो आणि विझतो, आणि डोळ्यांना ते मंद मिणमिणणे वाटते.

'बटण दाबलेले आहे का?' आणि 'बटण आत्ता दाबले गेले का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोटार चालवताना पहिला प्रश्न योग्य असतो, कारण बोट आहे तोवर चाक फिरावे हीच आपली इच्छा असते. दिवा लावण्या-विझवण्यासाठी मात्र दुसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर नुसत्या आत्ताच्या स्थितीवरून देता येत नाही. मागच्या फेरीत बटण कसे होते, हेही लक्षात ठेवावे लागते. मागच्या फेरीत सुटे होते आणि या फेरीत दाबलेले आहे, अशी एकच जोडी म्हणजे 'आत्ता दाबले गेले'. बाकीच्या तिन्ही जोड्यांकडे आपल्याला येथे दुर्लक्ष करायचे आहे.

ही तुलना आत कशी होते, ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. हा कंट्रोलर प्रत्येक वाचनात सोळा बटणांची स्थिती दोन बाइटमध्ये पाठवतो. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक असतात. पहिल्या बाइटमध्ये सिलेक्ट, दोन्ही काड्यांची (जॉयस्टिकची) दाबबटणे, स्टार्ट आणि चार दिशा असतात. दुसऱ्यात एल२, आर२, एल१, आर१, त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन असतात. सुट्या बटणाचा बिट १ असतो आणि दाबलेल्या बटणाचा ०, ही उलटी रीत नवख्या माणसाला हमखास चकवते. काहीच दाबलेले नसताना दुसरा बाइट ११११११११ असा येतो. त्रिकोण दाबला की तो १११०११११ होतो. वाचल्याबरोबर सगळे बिट उलटे करून घेतले की 'दाबलेले म्हणजे १' असे सोपे रूप मिळते : आधी ००००००००, आता ०००१००००. या दोन संख्यांवर एक्सॉर ही क्रिया केली की जे बिट बदलले तेवढेच १ उरतात, म्हणजे ०००१००००. त्या उत्तराची आत्ताच्या स्थितीशी अँड क्रिया (दोन्हीकडे १ असेल तेथेच १) केली की बदललेल्यांपैकी नव्याने दाबलेली बटणे तेवढी हाती येतात. पुढच्या फेरीत बोट तसेच असेल तर आधीची आणि आत्ताची स्थिती सारखी असल्यामुळे एक्सॉरचे उत्तर शून्य येते आणि दिव्याला कोणी हात लावत नाही. बोट उचलले त्या फेरीत बदल दिसतो खरा, पण आत्ताचा बिट शून्य असल्यामुळे अँडचे उत्तर शून्यच राहते. अशा रीतीने सगळ्या बटणांचा निकाल दोन क्रियांत एकदम लागतो.

हे सर्व स्वतः लिहिण्याची गरज नाही. या कंट्रोलरसाठी आर्डुइनोवर सर्रास वापरली जाणारी पीएस२एक्स लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) आतून हेच करते. तिच्यातले 'बटन' हे फंक्शन दाबलेले आहे का ते सांगते, आणि 'बटनप्रेस्ड' हे फंक्शन आत्ता दाबले गेले का ते सांगते. तुम्ही पहिले वापरत असाल, तर तेथे दुसरे घाला. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा : एका फेरीत कंट्रोलर एकदाच वाचा. माझ्या एका जुन्या रोबोटमध्ये मोटारींच्या फंक्शनात एक वाचन होते आणि दिव्यांच्या फंक्शनात दुसरे. प्रत्येक वाचनाच्या वेळी लायब्ररी 'आत्ताची' स्थिती 'मागची' म्हणून जपते, त्यामुळे बटण दाबल्याची बातमी बहुतेक वेळा मोटारींच्या वाचनातच खर्च होऊन जात असे आणि दिव्यांपर्यंत क्वचितच पोहोचत असे. मी ते दिवे दोन दिवस उलटसुलट तपासत होतो. वाचन लूपच्या आरंभी एकदाच घेतले, आणि दिवे त्याच क्षणी नीट चालू लागले.

आता या उत्तरातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. बटणाच्या ओळीतून थेट पिनवर (बोर्डाच्या ज्या टोकाला दिवा जोडला आहे त्यावर) लिहू नका. 'पुढचे दिवे लागलेले असावेत का' हे सांगणारा एक व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅममधली किंमत साठवण्याची जागा, ठेवा. बटण दाबले गेले की फक्त तो उलटा करा, आणि पिनवर लिहिण्याचे काम लूपच्या अगदी शेवटी, एकाच ठिकाणी, त्या व्हेरिएबलकडे पाहून करा. आज हा आडवळणाचा मार्ग वाटेल. पण उद्या तुम्हाला बॅटरी उतरल्यावर तेच दिवे लुकलुकवायचे असतील, परवा संपर्क तुटल्यावर लाल करायचे असतील, आणि मग तीन ठिकाणच्या ओळी एकाच पिनवर परस्परविरुद्ध हुकूम लिहू लागतील. बटण फक्त बातमी देते. रोबोट कोणत्या अवस्थेत आहे हे व्हेरिएबल सांगतात, आणि दिव्याने त्या अवस्थेप्रमाणे वागायचे असते.

बटणाच्या आतला धातूचा स्पर्श थरथरतो, त्यासाठी डिबाउन्स करावा का, म्हणजे थरथर थांबेपर्यंत बटणाकडे दुर्लक्ष करावे का, असेही तुम्हाला कोणी सुचवेल. बोर्डाला थेट जोडलेल्या सुट्या बटणाला ५ ते २० मिलिसेकंदांचा डिबाउन्स लागतोच. तुम्ही कंट्रोलर दहा-वीस मिलिसेकंदांनी एकदा वाचत असाल, तर ती थरथर दोन वाचनांच्या मध्येच संपून जाते आणि वेगळा उपाय बहुधा लागत नाही. मात्र काहीही न दाबता भलतीच बटणे दाबल्यासारखी दिसत असतील, तर डेटाच्या तारेला पुल-अप रोधक आहे का ते पाहा. या कंट्रोलरची ती तार सिग्नल फक्त खाली ओढू शकते, वर नेण्याचे काम रोधकालाच करावे लागते.

प्रश्न : डी-पॅडचे (चार दिशांच्या बटणांचे) डावे बटण दाबल्यावर डावा इंडिकेटर पाच वेळा लुकलुकावा, अशी सोय मी केली आहे. त्यासाठी दिवा लावणे, ४०० मिलिसेकंदांचा डिले, दिवा विझवणे, पुन्हा तेवढाच डिले, असे पाच वेळा लिहिले. दिवा उत्तम लुकलुकतो, पण तेवढा वेळ रोबोट माझे काहीच ऐकत नाही. काल तो सरळ भिंतीवर जाऊन आदळला.

उत्तर : डिलेचा अर्थच 'इतका वेळ दुसरे काही करू नकोस' असा आहे. पाच वेळा ८०० मिलिसेकंद म्हणजे चार सेकंद होतात. रोबोट सेकंदाला अर्धा मीटर जात असेल, तर तो दोन मीटर अंतर आंधळेपणाने कापतो. लुकलुकणाऱ्या दिव्यासाठी डिले वापरणे ही सवय पहिल्या धड्यातल्या उदाहरणातून लागते आणि चालत्या यंत्रावर ती धोक्याची ठरते, म्हणून ती लवकरात लवकर मोडावी असा माझा आग्रह आहे.

त्याऐवजी घड्याळाकडे पाहा. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद लोटले, हे 'मिलिस' हे फंक्शन सांगते. इंडिकेटरसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवा : दिवा आत्ता लागलेला आहे का, तो शेवटचा कधी बदलला, आणि अजून किती वेळा बदलायचा आहे. लूपच्या प्रत्येक फेरीत आत्ताच्या वेळेतून शेवटच्या बदलाची वेळ वजा करा. वजाबाकी ठरलेल्या काळाइतकी किंवा त्याहून जास्त आली, तर दिव्याची स्थिती उलटी करा, बदलाची वेळ नोंदवा आणि उरलेल्या संख्येतून एक कमी करा. नसेल तर काहीही न करता पुढे जा. पाच वेळा लुकलुकायचे म्हणजे दहा बदल झाले. डावे बटण दाबल्या क्षणी पहिला बदल लगेच करा, म्हणजे दाबणाऱ्याला दिवा तत्काळ दिसेल आणि पुढे मोजायला नऊ बदल उरतील. खऱ्या वाहनांचे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतात. त्यांतला मधला ९० हा वेग घेतला तर एक बदल सुमारे ३३३ मिलिसेकंदांनी येतो, आणि तो डोळ्यांना अगदी ओळखीचा वाटतो.

वजाबाकीच करा, 'शेवटचा बदल अधिक ३३३' अशी भावी वेळ काढून तिच्याशी तुलना करू नका. मिलिसचा आकडा ३२ बिटांचा असतो आणि सुमारे ४९.७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो. चिन्हविरहित लाँग प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये केलेली वजाबाकी त्या वळणावरही बरोबर उत्तर देते, बेरजेवरची तुलना तेथे चुकते. तुमचा छोटा रोबोट सलग सात आठवडे चालणार नाही हे खरे, पण योग्य रीत लिहायला जास्त कष्ट पडत नाहीत, मग तीच अंगवळणी पडलेली बरी.

इंडिकेटर जमला की ब्रेकचा दिवाही याच विचाराने करून पाहा. त्याला बटणाची गरजच नाही. काडी मध्यावर आली आणि ठरवलेला वेग शून्य झाला, की मागचा लाल दिवा सेकंदभर लागावा. काडीचा मध्य १२७ किंवा १२८ असतो, पण ती सोडल्यावर नेमकी तेथे येईलच असे नाही. म्हणून मध्याच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंकांची मोकळी पट्टी ठेवा, नाहीतर दिवा उगीच फडफडत राहील.

प्रश्न : रोबोटभोवती डब्ल्यूएस२८१२बी प्रकारच्या ३० एलईडींची रंगीत पट्टी लावली आहे आणि वर्तुळाच्या बटणाने रंग बदलतो. पट्टी सुरू केल्यापासून रोबोटच्या हाताची सर्वो मोटार (सांगितलेल्या कोनात वळणारी) सारखी दचकते. पट्टी काढली की थांबते. वीज कमी पडते आहे का?

उत्तर : वीज हेही एक कारण असू शकते, त्याकडे शेवटी येतो, पण उनोवर पहिला संशय वेळेवर घ्यावा. या पट्टीतल्या प्रत्येक एलईडीला २४ बिट लागतात आणि एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका एलईडीला ३० आणि तुमच्या पूर्ण पट्टीला ९०० मायक्रोसेकंद. हे बिट इतक्या काटेकोर अंतराने पाठवावे लागतात की तेवढा वेळ लायब्ररी इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचे काम करवणारी सोय) बंद ठेवते. इकडे सर्वोला साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांची स्पंदने लागतात, आणि सर्वोची लायब्ररी ती स्पंदने इंटरप्टच्या भरवशावरच संपवते. स्पंदन संपवण्याची वेळ पट्टीच्या कामात सापडली, की ते काही शे मायक्रोसेकंद लांबते. सर्वोच्या दृष्टीने तो वेगळ्या कोनाचा हुकूम असतो, म्हणून ती तिकडे झेपावते आणि पुढच्या स्पंदनाला परत येते.

तुमचा प्रोग्रॅम बहुधा प्रत्येक फेरीत पट्टीला रंग पाठवतो आहे. या एलईडी मिळालेला रंग वीज असेपर्यंत जपून ठेवतात, तेव्हा रंग खरोखर बदलला तेव्हाच पाठवा. वर्तुळाच्या एका दाबाला एकच पाठवणी झाली, की दचकणे जवळजवळ नाहीसे होईल. पट्टीवर सतत धावणारे रंग हवेच असतील, तर सर्वोचे काम पीसीए९६८५ या चिपच्या बोर्डाकडे द्या. तो सोळा सर्वोंची स्पंदने स्वतः तयार करतो आणि आर्डुइनोच्या इंटरप्टशी त्याचा संबंध राहत नाही. एपीए१०२ प्रकारची पट्टी घेतली तरीही हा प्रश्न सुटतो, कारण तिला घड्याळाची वेगळी तार असते आणि बिट थोडे उशिरा गेले तरी बिघडत नाही.

आता विजेविषयी. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात अशी एक एलईडी ६० मिलीअँपिअरपर्यंत प्रवाह घेते, म्हणजे तीस मिळून १.८ अँपिअर. एवढा प्रवाह बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनमधून घेऊ नका. पट्टीला वेगळा पुरवठा द्या, त्याची आणि बोर्डाची ग्राउंड एकत्र जोडा, पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटाच्या तारेत ४७० ओहमचा रोधक घाला. पुढे कधी ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरलात तर एक गोष्ट ध्यानात असू द्या : ५ व्होल्टवर चालणारी ही पट्टी ३.५ व्होल्टच्या वरच्या सिग्नललाच खात्रीने १ समजते, त्यामुळे मध्ये ७४एएचसीटी१२५सारखी पातळी चढवणारी चिप लागते.

प्रश्न : मी नववीत शिकतो. कंट्रोलरचा ट्रिगर जितका दाबू तितका दिवा उजळ व्हावा म्हणून ट्रिगरचा ० ते २५५ हा आकडा मी तसाच दिव्याचा उजेड ठरवणाऱ्या अ‍ॅनालॉगराइटला दिला. पण ट्रिगर थोडासा दाबला की दिवा जवळजवळ पूर्ण लागल्यासारखा वाटतो आणि त्यानंतर फरकच कळत नाही.

उत्तर : तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे आणि तुझे निरीक्षणही बरोबर आहे. एलईडीतून निघणारा प्रकाश त्या आकड्याच्या प्रमाणातच वाढतो, पण आपले डोळे प्रकाश त्या प्रमाणात जोखत नाहीत. अंधाऱ्या बाजूचा लहानसा फरक डोळ्यांना मोठा वाटतो आणि उजेडाच्या बाजूचा मोठा फरकही जाणवत नाही. म्हणून दिव्याला आकडा देण्याआधी त्याला वळण द्यावे लागते. सोपा उपाय असा की ट्रिगरच्या आकड्याचा वर्ग करून त्याला २५५ने भागायचे. ट्रिगर अर्धा, म्हणजे १२८वर असेल तर दिव्याला ६४ मिळतील; पूर्ण दाबल्यावर २५५च मिळतील. आता ट्रिगरच्या सगळ्या प्रवासात उजेड सारखा वाढताना दिसेल.

हे करताना एका ठिकाणी अडखळशील, म्हणून आधीच सांगतो. उनोवर साध्या इंट प्रकारात ३२७६७ पर्यंतचीच संख्या मावते. १८१चा वर्ग ३२७६१, तो बसतो; १८२चा वर्ग ३३१२४, तो बसत नाही आणि उत्तर ऋण येऊन बसते. म्हणून गुणाकाराआधीच आकडा लाँग प्रकारात घे. शिवाय हा मंद-उजळ दिवा उनोच्या ३, ५, ६, ९, १० आणि ११ याच पिनांवर जमतो, आणि प्रोग्रॅममध्ये सर्वोची लायब्ररी असेल तर त्यांतल्या ९ आणि १० या दोन पिना बाद होतात. दिव्याच्या ओळीत २२० ओहमचा रोधक लावायला विसरू नकोस. एका पिनमधून २० मिलीअँपिअरच्या वर प्रवाह घेऊ नये. त्याहून मोठा दिवा हवा असेल तर मध्ये ट्रान्झिस्टर घाल. तुला पुढे काही अडले तर कागदावर जोडणीचे चित्र काढून पाठव, मी नक्की पाहीन.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पायथॉन आणि तिची पायगेम लायब्ररी वापरून मी बटणे वाचतो. चारही रंगीत बटणांचे क्रमांक मिळाले, पण डी-पॅडला क्रमांकच नाही. कितीही दाबले तरी काही छापले जात नाही. मित्राच्या कंट्रोलरवर तर माझ्या प्रोग्रॅमची सगळी बटणे उलटीपालटी होतात.

उत्तर : बऱ्याच कंट्रोलरमध्ये डी-पॅड बटण म्हणून येत नाही, तर हॅट म्हणून येतो. हॅटला दोन आकडे असतात, एक आडवा आणि एक उभा, आणि प्रत्येकाची किंमत उणे १, ० किंवा १ असते. पायगेममध्ये हॅटच्या हालचालीची वेगळी घटना मिळते, ती ऐका. ट्रिगरही अनेकदा बटण नसून अक्ष (सलग बदलणारा आकडा) असतो, आणि तो सुटा असताना ० न देता उणे १ देऊ शकतो; ते न पाहता दिवा जोडला तर भलतेच काही दिसते. क्रमांक कंट्रोलरगणिक बदलतात, त्यावर इलाज नाही. म्हणून जी घटना येईल ती फक्त पडद्यावर छापणारा पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम आधी लिहा, एकेक बटण दाबून क्रमांक टिपून घ्या, आणि मुख्य प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'पुढचे दिवे', 'डावा इंडिकेटर', 'रंग बदल' अशा कामांच्या नावांसमोर ते क्रमांक लिहून ठेवा. पुढे सर्वत्र कामाचे नाव वापरा. मित्राच्या कंट्रोलरसाठी मग तेवढा एक तक्ता बदलावा लागेल.

प्रश्न : ईएसपी३२-एस३ हा ब्लूटूथ असलेला बोर्ड घेतला. प्लेस्टेशन ४चा ड्युअलशॉक ४ कंट्रोलर त्याला काही केल्या जोडला जात नाही. बोर्ड सदोष आहे का?

उत्तर : बोर्ड सदोष नाही, पण या जोडीचे जमणार नाही. ड्युअलशॉक ४ क्लासिक ब्लूटूथ वापरतो, आणि एस३ किंवा सी३ या चिपमध्ये फक्त लो एनर्जी प्रकारचे ब्लूटूथ आहे. मूळच्या ईएसपी३२ चिपमध्ये दोन्ही आहेत. तेव्हा मूळ ईएसपी३२ घ्या, किंवा एस३ ठेवायचाच असेल तर लो एनर्जी बोलणारा कंट्रोलर निवडा. २०२०मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांच्याबरोबर आलेला कंट्रोलर तसा आहे. दोन्ही वाटांवर ब्लूपॅड३२ ही लायब्ररी उपयोगी पडते, आणि ती निरनिराळ्या कंट्रोलरची बटणे एकाच नावांनी देत असल्यामुळे वर सांगितलेला तक्ताही बराचसा वाचतो.

प्रश्न : कंट्रोलरची बॅटरी संपली तेव्हा रोबोट पुढे जातच राहिला, आणि दिवे नेहमीसारखेच लागलेले असल्यामुळे संपर्क तुटल्याचे मला कळलेच नाही. यावर काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि दिव्यांच्या इतर कोणत्याही कामाआधी हेच करायला हवे. कंट्रोलरकडून शेवटची खरी बातमी कधी आली, त्याची मिलिसमधली वेळ जपा. तिला अर्धा सेकंद उलटून गेला की आधी मोटारी थांबवा, आणि मग दिव्यांची अवस्था 'संपर्क नाही' अशी करा. लूपच्या शेवटी दिवे लिहिणारी जी एकच जागा आहे, तिच्यात ही अवस्था सर्वांत वर ठेवा. ती असेल तर पुढचे दिवे, इंडिकेटर, रंग यांचे काही न ऐकता चारही कोपरे एकदम लाल लुकलुकावेत. संपर्क परत आला तरी मोटारी आपोआप सुरू होऊ देऊ नका. काड्या मध्यावर आल्या आहेत आणि स्टार्टचे बटण नव्याने दाबले गेले आहे, या दोन्ही गोष्टी झाल्यावरच त्यांना मोकळीक द्या.

संपर्क तुटल्यावर तुमचा रिसीव्हर नेमके काय देतो, ते मात्र स्वतः पाहून घ्यावे लागेल. रोबोट उलटा करून चाके हवेत ठेवा, वाचलेले सगळे आकडे पडद्यावर छापत राहा, एक काडी पुढे ढकलून धरा आणि त्याच स्थितीत कंट्रोलर बंद करा. वाचन अयशस्वी झाल्याचे उत्तर आले तर वरचा उपाय पुरेसा आहे. काडीचा तोच आकडा गोठून राहिला, तर 'बातमी येते आहे' असा प्रोग्रॅमचा समज होईल; अशा वेळी रोबोट चालण्यासाठी एल१ सतत दाबून धरलेले असलेच पाहिजे, ही अटही पुरत नाही, कारण तो बिटही तसाच गोठलेला राहतो. मग आकडे जसेच्या तसे किती वेळ टिकले ते मोजा. काडी हातात असताना तिचा आकडा एक-दोन अंकांनी हलत असतो, पण टोकापर्यंत ढकलून धरली तर तो खरोखरच स्थिर राहू शकतो, म्हणून येथे मर्यादा दोन-तीन सेकंदांची ठेवा आणि थांबण्याआधी एक सेकंद लाल दिवे लावून इशारा द्या. तो इशारा दिसला की चालवणाऱ्याने काडी किंचित हलवायची. संपर्क शाबूत असेल तर दिवे लगेच पूर्ववत होतील आणि रोबोट न थांबता पुढे जाईल.